काळ सोकावतो

युद्ध संपून जेमतेम काही महिने झालेत. १९४५ सालचं मॉस्को. गच्च भरलेल्या ट्राममध्ये एक खिसेकापू एका बाईचं पाकीट मारतो. पोलिस मागावर आहेत हे कळताच ते खाली टाकून मोकळा होतो. आता त्याच्याविरुद्ध काय उरलं? काहीच नाही. गुन्हे शाखेचा कॅप्टन ग्लेब झेग्लोव ते पाकीट उचलतो, धक्काबुक्कीत गुपचूप त्याच चोराच्या खिशात सरकवतो आणि मग चारचौघांसमक्ष मोठ्या थाटात बाहेर काढतो. मुद्देमाल मिळाला, साक्षीदार हजर, चोर आत. चोराचं टोपणनाव किर्पिच, म्हणजे वीट. तो बोबडा आहे, रडवेला आहे, त्याची तडफड पाहून हसू येतं. प्रेक्षक हसतो आणि झेग्लोवला मनोमन शाबासकी देतो.

माझं भांडण या शाबासकीशी आहे.

हा प्रसंग 'भेटीची जागा बदलता येणार नाही' या पाच भागांच्या चित्रपटातला. स्तानिस्लाव गोवोरुखिनने तो ओडेसा फिल्म स्टुडिओत सोव्हिएत दूरचित्रवाणीसाठी केला आणि ११ नोव्हेंबर १९७९ पासून तो दाखवला गेला. त्याच्या आदल्याच दिवशी तिथला पोलिस दिन असे. झेग्लोव झाला होता व्लादिमीर व्हिसोत्स्की. सरकारी मान्यतेची वाट न बघता ज्याची गाणी टेपवरून टेपवर उतरत देशभर पोचली, तो कवी-गायक-नट. चोरांच्या वस्तीची, तुरुंगाची गाणी म्हणून नाव मिळवलेला माणूस पोलिस झाला, ही गंमत तिथल्या प्रेक्षकाला वेगळी सांगावी लागली नसेल.

पाकिटाच्या प्रसंगानंतर झेग्लोव जे बोलतो ते रशियन भाषेत म्हणीसारखं रुळलं. चोराची जागा तुरुंगात, आणि मी त्याला तिथं कसा पोचवला याच्याशी लोकांना काही घेणंदेणं नाही, असा त्याचा अर्थ. एवढ्या एका वाक्यावर साडेपाच-सहा तासांच्या चित्रपटाचा निकाल लावायची रीत पडली आहे. एक बाजू म्हणते, पोलिस असावा तर असा. कायद्याच्या कलमांत अडकून बसला तर दरोडेखोर मोकळे सुटतील. दुसरी बाजू नाक मुरडते: सोव्हिएत गृहखात्याचे सल्लागार घेऊन, पोलिस दिनाचा मुहूर्त साधून केलेली ही जाहिरात; तिच्यात दंडेली गोड करून दाखवली आहे. २००९ मध्ये कीवमध्ये गृहमंत्रालयाच्या इमारतीपाशी झेग्लोव आणि त्याचा सहकारी शारापोव यांचा पुतळा उभा राहिला, पुढे मॉस्कोत पेत्रोव्का ३८ या पोलिस मुख्यालयातही राहिला. पहिल्या बाजूला हा मान वाटतो, दुसऱ्या बाजूला पुरावा. टाळ्या वाजवणारे आणि नाक मुरडणारे एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, पण त्यांचं वाचन एकच आहे: झेग्लोव नायक, आणि झेग्लोवचं वाक्य हाच चित्रपटाचा बोध. हे वाचन चुकीचं आहे. ते चुकीचं आहे हे सिद्ध करायला चित्रपटाबाहेर जायचीही फारशी गरज नाही.

आधी पाकिटाचाच प्रसंग पुन्हा पाहू. पोलिसांची आरती ओवाळणाऱ्या चित्रपटाने काय केलं असतं? पाकीट चोराच्या खिशातच सापडलं असं दाखवून विषय मिटवला असता. इथे पाकीट सरकवताना आपल्याला दाखवलं आहे, आणि ते बघणारा एक माणूसही दाखवला आहे. तो व्होलोद्या शारापोव. रणांगणावरून नुकताच परतलेला, पोलिसात नवखा. वायनर बंधूंच्या ज्या कादंबरीवरून हा चित्रपट केला, तिचा निवेदकच शारापोव आहे. म्हणजे सगळी गोष्ट साक्षीदाराच्या नजरेतून आलेली. प्रसंग संपताच तो साक्षीदार तोंड उघडतो. अधिकाऱ्यापुढे मान तुकवून गप्प बसत नाही. कायदा एकदा सोयीसाठी वाकवला, मग दुसऱ्यांदा, मग तपास अडेल तिथं, की तो कायदा राहत नाही, हातातलं दांडकं होतं, असं तो झेग्लोवला तोंडावर सुनावतो.

हे मराठी माणसाला समजवायला व्याख्यान लागत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. किर्पिच तुरुंगात गेल्याचं दुःख शारापोवलाही नाही. तो चोरच आहे. प्रश्न सोकावण्याचा आहे. झेग्लोवचं वाक्य ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना त्याच प्रसंगातलं हे उत्तर आठवत नाही. हा दोष चित्रपटाचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा?

यावर नेहमीचा आक्षेप येतो: शारापोव पुस्तकी, मिळमिळीत पोरगा. त्याचं ऐकून दरोडेखोर पकडले जातात होय? आणि नट व्लादिमीर कोंकिन व्हिसोत्स्कीपुढे फिका पडतो, हेही जोडीला. फिका पडतो, मान्य. व्हिसोत्स्की चाळिशीतला, पडद्यावर आला की दुसऱ्याकडे नजर जाऊ न देणारा. कोंकिन त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान, गोऱ्यागोमट्या चेहऱ्याचा, थोडा ताठरच. पण पात्र बघा. हा शारापोव शत्रूच्या पिछाडीला जाऊन आलेल्या तुकडीचा प्रमुख आहे. आघाडीची रेषा त्याने ४२ वेळा ओलांडली आहे. शेवटी 'काळी मांजर' टोळीच्या अड्ड्यात एकट्याने जातो तोही हाच, झेग्लोव नव्हे. ट्रकचा ड्रायव्हर आहेस म्हणतोस, मग हात असे कसे, असा संशय टोळीला येतो तेव्हा तो पियानोवर बसतो. आधी शोपँ वाजवतो. त्याने कुणाचं समाधान होत नाही, तर चोरांच्या आवडीचं 'मुर्का' वाजवतो. मृत्यू खांद्यावर बसलेला असताना ज्याची बोटं चुकत नाहीत, त्याला भाबडा म्हणायचं? लेखकांनी हे मुद्दाम केलं आहे. कायद्याची बाजू मांडणारा माणूस घाबरट असता तर त्याच्या तत्त्वाला घाबरटपणाचा बुरखा म्हणता आलं असतं. ती पळवाट त्यांनी आधीच बुजवून टाकली.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो तिच्याकडून क्वचितच नीट मांडला जातो. मीच मांडतो. लारिसा ग्रुझ्देवा या बाईचा खून झालाय. तिच्या घरातून गेलेलं नागाच्या आकाराचं कंकण मान्का नावाच्या बाईच्या हातात सापडतं. मान्काकडून माग जातो एका जुगाऱ्याकडे, जुगाऱ्याकडून किर्पिचकडे. आणि पाकिटाच्या फासात अडकलेला किर्पिच सांगतो की कंकण आपण फॉक्सकडून जिंकलं. फॉक्स हाच खरा खुनी, टोळीच्या म्होरक्यांपैकी एक. म्हणजे झेग्लोवने ते पाकीट सरकवलं नसतं तर फॉक्सचं नाव पुढे आलं नसतं, निदान तेव्हा तरी नाही. आणि फॉक्स सापडला म्हणूनच एक निरपराध सुटला. मग बोला.

बोलतो. हा पेच चित्रपटाने लपवलेला नाही, म्हणूनच मला तो मोठा वाटतो. वाईट साधनाने वाईटच फळ येतं, असं बाळबोध गणित मांडलं असतं तर वाद तिथंच संपला असता. इथे साधन वाईट आणि फळ हाती पडलेलं आहे. पण हे फळ ज्याला मिळालं तो निरपराध माणूस मुळात आत कसा गेला, हा प्रश्न टाळ्या वाजवणारे विचारत नाहीत. तो विचारला की पाकिटाचा हिशेब उलटा फिरतो.

ग्रुझ्देव हा डॉक्टर. लारिसा त्याची बायको. तो तिच्यापासून वेगळा, दुसऱ्या बाईबरोबर राहतो. खुनाचं पिस्तूल त्याचंच, आणि ते सापडतं त्याच्याच राहत्या घरात. झेग्लोवच्या लेखी खटला संपला. माणूस तुसडा आहे, पोलिसांशी गोड बोलत नाही, बायको सोडलेला आहे. आणखी काय पाहिजे? शारापोवला मात्र काही जुळत नाही. अर्धवट खाल्लेल्या चॉकलेटवरच्या दातांच्या खुणा जुळत नाहीत. वेळ जुळत नाही. शेवटी उलगडतं ते असं की पिस्तूल खऱ्या खुन्याने, फॉक्सने, तिथं नेऊन ठेवलेलं होतं.

इथं थांबा. फॉक्सने काय केलं? पुरावा एका माणसाच्या घरात नेऊन ठेवला आणि पोलिसांनी तो 'शोधून' काढावा अशी व्यवस्था केली. झेग्लोवने ट्राममध्ये काय केलं? पुरावा एका माणसाच्या खिशात ठेवला आणि चारचौघांसमोर 'शोधून' काढला. एकाच गोष्टीत एकच कृत्य दोनदा: एकदा खुन्याच्या हातून, एकदा पोलिसाच्या. फरक एवढाच की किर्पिच चोर होता आणि ग्रुझ्देव खुनी नव्हता. पण हा फरक झेग्लोवला ठाऊक होता का? ग्रुझ्देवबद्दलही त्याची तेवढीच खात्री होती जेवढी किर्पिचबद्दल. आपल्या खात्रीलाच पुरावा मानणाऱ्या पोलिसासमोर कुणीही पुरावा पेरला तर तो त्याला गोडच लागणार. स्वतः पेरणाऱ्याला दुसऱ्याच्या पेरणीचा वास येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपली म्हण ग्रुझ्देवच्या बाबतीत अक्षरशः खरी होत होती. थांबवलं ते शारापोवच्या शंकेने. फॉक्सचं नाव कळणं हा एक भाग झाला. ग्रुझ्देव खुनी नसेल ही शक्यता कुणीतरी जिवंत ठेवणं हा दुसरा. तो दुसरा नसता तर पहिल्याचा उपयोग शून्य.

आणि सुटकेचा प्रसंग बघा. सेर्गेई युर्स्कीने ग्रुझ्देव असा उभा केलाय की त्याची मोडलेली पाठ दिसते, तरी दया मागत नाही. झेग्लोव त्याला सोडतो, पण माफीचा शब्द काढत नाही. उलट, दोष त्याचाच: बायकांचं वेळीच निस्तरायला हवं होतं, पिस्तूल नीट सांभाळायला हवं होतं. गुन्हा नसताना शिक्षा होत नसते, असंच त्याचं तत्त्वज्ञान. ग्रुझ्देव जाता जाता शारापोवला सांगतो की तुझ्या या मित्राला माणसं म्हणजे केरकचरा वाटतात. गरज पडली तर तो तुलाही ओलांडून जाईल. झेग्लोवला नायक ठरवणाऱ्यांनी हा प्रसंग कुठं ठेवला? ज्याला चित्रपटाने सगळ्यात जास्त अन्याय सोसायला लावला, त्याच्याच तोंडून हा निकाल येतो, आणि चित्रपट तो खोडून काढत नाही. शेवटच्या भागात खराच करून दाखवतो.

दुसऱ्या बाजूला, 'ही तर सरकारी जाहिरात' म्हणणाऱ्यांना थोडं वायनर बंधूंविषयी विचारावंसं वाटतं. थोरला अर्कादी स्वतः मॉस्को पोलिसात तपास अधिकारी होता, धाकटा गेओर्गी पत्रकार. पोलिस आतून कसे चालतात हे त्यांना माहीत होतं, आणि छापण्याजोगं किती हेही. सत्तरच्या दशकात, म्हणजे नेमक्या याच काळात, त्यांनी स्तालिनच्या गुप्त पोलिसांच्या कृत्यांवर दोन कादंबऱ्या लिहून पेटीत ठेवल्या. त्या छापून यायला पेरेस्त्रोइकाचा मोकळिकीचा काळ उजाडावा लागला. अशा लेखकांनी, छापता येईल अशा गोष्टीत, खात्री हाच पुरावा मानणारा पोलिस आणि त्याच्या तावडीत सापडलेला डॉक्टर दाखवावा, हा योगायोग? १९३७ साली, स्तालिनच्या दहशतीत, ज्यांच्या घरचं माणूस पुराव्याविना, सुनावणीविना गेलं, ती कुटुंबं १९७९ मध्ये दूरचित्रवाणीसमोर बसलेली होती. १९३७ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. पाकिटाची होती.

मूळ कादंबरीचं नाव 'दयेचं युग' असं होतं. ते नाव येतं शारापोवच्या शेजाऱ्यावरून, मिखाइल मिखाइलोविच या म्हाताऱ्यावरून. चित्रपटात ही भूमिका झिनोवी गेर्तने केली आहे. गुन्हे शिक्षेने संपणार नाहीत, माणसामाणसांत दया रुजली की संपतील, असं हा म्हातारा शांतपणे सांगतो. झेग्लोवला हे बावळटपणाचं वाटतं. दोघंही एकाच टेबलाशी बसलेले. पोलिसांच्या जाहिरातीत हा म्हातारा कशाला हवा होता?

मग लोक झेग्लोवच्या प्रेमात का पडतात? कारण व्हिसोत्स्की. हे मला मान्य आहे, फक्त मी त्याला अपघात मानत नाही. झेग्लोव शूर आहे, विनोदी आहे, चोरांची नस ओळखतो, हाताखालच्यांना सांभाळतो. आपली सही मोठ्या वेलांटीने झोकात करतो. शारापोवने खटल्याची कागदपत्रं टेबलावर उघडी टाकली म्हणून त्याला अद्दल घडवतो, एकेका कागदावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं हे बजावतो. हेच बजावणारा हात ट्राममध्ये पाकीट सरकवतो! असा माणूस ओंगळ दाखवला असता तर त्याला नाकारायला आपल्याला काहीच लागलं नसतं. तो हवाहवासा दाखवून मग त्याचं बिल आपल्यापुढे ठेवणं, यातच या चित्रपटाचं कसब आहे.

हे अनवधानाने झालं नाही याची एक खूण आहे. चित्रपटात आपली गाणी असावीत अशी व्हिसोत्स्कीची इच्छा होती. गोवोरुखिनने नकार दिला. गाणं सुरू झालं की पडद्यावर झेग्लोव उरणार नाही, लोकांचा लाडका व्हिसोत्स्की उभा राहील, ही त्याची भीती. ज्याला झेग्लोवला देव्हाऱ्यात बसवायचं असतं त्याने ही संधी सोडली असती? शूटिंग सुरू होत असताना, मे १९७८ मध्ये, व्हिसोत्स्की ही भूमिका सोडायलाही निघाला होता. आपल्याकडे वेळ थोडा उरलाय, वर्षभर यात घालवता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं, ही आठवण गोवोरुखिननेच सांगितलेली. त्याचं म्हणणं खरं ठरलं. प्रसारणानंतर आठ महिन्यांत, २५ जुलै १९८० रोजी, ४२ व्या वर्षी तो गेला. मागे राहिलेल्या शोकात झेग्लोव आणि व्हिसोत्स्की एकमेकांत मिसळून गेले. आपल्या मेलेल्या कवीवरचं प्रेम लोकांनी त्याच्या पात्राच्या खात्यावर जमा केलं. त्यात समजण्यासारखं खूप आहे, पण तो चित्रपटाचा अर्थ नव्हे.

राहता राहिला गोवोरुखिन. त्याच्या पुढच्या आयुष्याकडे बोट दाखवलं जातं, आणि दाखवण्याजोगं आहेही. १९९९ मध्ये त्याने 'वोरोशिलोव्ह नेमबाज' केला. त्यात नातीवर झालेल्या अत्याचाराचा सूड एक म्हातारा बंदूक घेऊन स्वतः उगवतो, आणि चित्रपट त्याच्या बाजूने उभा राहतो. राजकारणात तो त्याआधीच गेला होता, २०१२ मध्ये पुतिनच्या निवडणूक प्रचाराचा प्रमुख झाला. म्हणजे त्याला झेग्लोवच हवा होता, असा निष्कर्ष काढतात. मी म्हणेन, वीस वर्षांनंतरच्या माणसाला आणून आधीच्या चित्रपटाविरुद्ध साक्ष द्यायला लावणं, हाही पुरावा पेरण्याचाच प्रकार. १९७९ च्या चित्रपटाचा निकाल १९७९ च्या चित्रपटावरून लागेल. उलट, 'नेमबाज' पाहिल्यावर आधीच्या चित्रपटाची किंमत वाढते: तिथे कुणी शारापोव नाही. जिथे शारापोव नसतो तिथे काय उरतं, ते गोवोरुखिनने स्वतःच करून दाखवलं.

आपल्याला हा वाद परका नाही. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून, तेंडुलकरांच्या पटकथेवर गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' केला. त्यातल्या वेलणकरच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि आपण त्या पोलिसाच्या दुःखात इतके बुडालेलो असतो की चोराचं नाव लक्षात ठेवत नाही. पुढे मुंबईत चकमकींचा आकडा हीच पोलिसाची ओळख झाली, तेव्हा त्या आकड्यावर पडद्यावरच्या नायकाला शिट्ट्या पडल्या. झेग्लोवला मिळालेल्या टाळ्या मला म्हणून ओळखीच्या वाटतात, आणि म्हणूनच त्या खटकतात.

शेवटी एकच माणूस उरतो, आणि झेग्लोवच्या बाजूने बोलणारे त्याच्याविषयी बोलत नाहीत. टोळीच्या अड्ड्यात शारापोवसमोर अचानक लेव्हचेन्को येतो. युद्धात शारापोवच्या हाताखाली लढलेला, आता पुन्हा गुन्हेगारांत परतलेला. विक्टर पावलोवचा जड, थकलेला चेहरा. तो शारापोवला पहिल्या नजरेत ओळखतो. एक शब्द काढला असता तर शारापोव तिथंच संपला असता. तो काढत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या तळघरात सापळा मिटतो, टोळी एकेक करून हात वर करत बाहेर येते. लेव्हचेन्को बर्फातून पळत सुटतो. शारापोव जिवाच्या आकांताने ओरडतो, गोळी घालू नका. झेग्लोव नेम धरतो आणि त्याला पाठीमागून गोळी घालतो. तू माणूस मारलास, शारापोव म्हणतो. मी दरोडेखोर मारला, झेग्लोव म्हणतो. शारापोव त्याच्यापासून दूर निघून जातो.

पाकिटापासून या गोळीपर्यंत एकच सरळ रेष आहे. किर्पिचच्या बाबतीत निदान न्यायालय तरी होतं. पुरावा खोटा असला तरी तो मांडायला एक जागा होती. लेव्हचेन्कोपर्यंत येता येता तीही गरज उरली नाही. यापुढे कुणी झेग्लोवचं ते वाक्य टाळ्यांसाठी वापरलं, तर त्याला लेव्हचेन्कोचं नाव विचारा. लेव्हचेन्को गुन्हेगार होता, याबद्दल शारापोवलाही शंका नव्हती. पण त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही.